मराठी युद्धकादंबरी : स्वाराची बाजू आणि गावाची बाजू

प्रास्ताविक :
महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अवांतर वाचनासाठी पुस्तके सुचविताना ऐतिहासिक व अद्भुतरम्य कादंबऱ्यांची नावे प्रथम पुढे येतात. युरोपीय साहित्यात चिलखतधारी 'नाइट'ला जे स्थान लाभले, ते मराठीत गडकरी, सरदार आणि शिलेदार यांना मिळाले. मात्र अशी शिफारस करताना रंजकता हाच बहुधा निकष ठरतो. वीराच्या युद्धाचा भार कोणी वाहिला, हा प्रश्न कादंबरी वाचकापुढे उभा करते काय, या निकषावर प्रस्तुत लेखात काही कादंबऱ्यांचा विचार केला आहे. त्यासाठी 1818 पर्यंतचा कालखंड घेतला आहे.

अद्भुत आणि इतिहास :
ना. स. रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 मध्ये, तर मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' 1871 मध्ये आली. या दोन्ही धारा अशा लगतच उगम पावल्या आणि पुढेही एकमेकींत मिसळत राहिल्या. नाथमाधवांनी 'वीरधवल'ही लिहिली आणि स्वराज्यविषयक कादंबरीमालाही. 'वीरधवल'मधील पराक्रम कल्पितात घडतो. वाचक त्यास पुरावा मागत नाही. उमलत्या वाचकास वाचनाची गोडी लावण्याचे तिचे सामर्थ्य मान्य करावयास हवे. ऐतिहासिक कादंबरी मात्र खऱ्या नावांनी बोलते. म्हणून तिची जबाबदारी वाढते.

युद्धाचा खर्च :
स्वतःचा घोडा व शस्त्रे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचा घोडा पडला, की त्याची उपजीविकाच धोक्यात येई. दसऱ्यानंतर मोहीम निघे आणि पावसाळ्यात छावणी पडे. दाणावैरण आणि थकलेला पगार यांवर लढाईचे पारडे फिरे. हे वास्तव विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (1988) या कादंबरीत ठळकपणे येते. 14 जानेवारी 1761 च्या रणाआधी मराठ्यांच्या तळावर उपासमार ओढवली होती. पराभवाची चिकित्सा त्या भुकेपासून सुरू करावी लागते. त्र्यं. शं. शेजवलकर यांचा 'पानिपत : 1761' हा ग्रंथ सोबत वाचल्यास कल्पना कोठे संपते व पुरावा कोठे सुरू होतो, हे विद्यार्थ्यास स्वतः पडताळता येते.

धरणगावचा दाखला :
कापडाच्या व्यापारामुळे भरभराटलेल्या धरणगावात 1674 मध्ये इंग्रजांची वखार होती. मोगली खानदेशातील ही पेठ मराठी फौजांनी 1675 मध्ये आणि पुन्हा 1679 मध्ये लुटली. शत्रूच्या महसुलावर आघात हा त्या काळच्या युद्धनीतीचा भाग होता, हे इतिहासाचा अभ्यासक जाणतो. तथापि विणकराच्या मागावर त्याचा काय परिणाम झाला, हे विचारल्याने त्या नीतीचे आकलन उणे होत नाही. ते पूर्ण होते.

पुढे यशवंतराव होळकरांच्या काळात, 1802 मध्ये, फौजांच्या धुमाकुळाने खानदेश उद्ध्वस्त झाला आणि 1803-04 चा भीषण दुष्काळ ओढवला. ना. सं. इनामदार यांची 'झुंज' ही यशवंतरावांच्या झुंजार व्यक्तिमत्त्वाची कादंबरी अवश्य वाचावी. परंतु खानदेशातील वाचकाने ती या दुष्काळाची नोंद शेजारी ठेवून वाचावी. नायकाविषयीचा आदर आणि आपल्या मुलखाची स्मृती यांपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही.

निष्कर्ष :
'वीरधवल' गोडीसाठी, 'पानिपत' युद्धाच्या आकलनासाठी आणि 'झुंज' नायक व मुलूख यांचे नाते तपासण्यासाठी, असा क्रम शिफारसयोग्य ठरतो. प्रत्येक कादंबरीसोबत किमान एक इतिहासग्रंथ वा गॅझेटियरमधील नोंद द्यावी. घोडदौडीची वर्णने वाचून धरणगावचा विद्यार्थी मनाने स्वारांमध्ये सामील होतो. त्याचे गाव मात्र त्या टापांखाली होते. या दोन्ही जागांवरून युद्धाकडे पाहण्याची सवय त्यास लावणे, हे अध्यापकाचे काम आहे.