‘स्मृतिचित्रे’मधील ख्रिस्ती दातृत्व : दानाकडून सहवासाकडे

प्रस्तावना :
लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा विचार बहुधा विनोद, भाषेचा सहजपणा आणि पतिपत्नींचे सहजीवन या अंगांनी झाला आहे. दीनदुबळ्यांविषयीचे औदार्य हा ख्रिस्ती श्रद्धेचा आविष्कार कसा ठरतो, या दृष्टीनेही हा ग्रंथ अभ्यसनीय आहे. प्रस्तुत लेखात या अंगाचा परामर्श घेतला आहे.

विवेचन :
नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु त्यांचे दातृत्व धर्मांतरातून जन्मलेले नाही. हाती आलेला पैसा टिकू न देणे हा त्यांचा मूळचाच स्वभाव होय. श्रद्धेने त्याला अधिष्ठान दिले. आपण तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी टिळकांची धारणा होती. हे साम्य त्यांच्या संसारातही उमटलेले दिसते. तुकोबांच्या दातृत्वाच्या कथांत जिजाई संतापी पत्नी म्हणून येते. तिची बाजू तिच्या शब्दांत येत नाही. ‘स्मृतिचित्रे’त मात्र लेखणीच पत्नीच्या हाती आहे. त्यामुळे देणारा देऊन मोकळा होतो आणि उद्याची चूल पेटविण्याची चिंता घरच्या स्त्रीला वाहावी लागते, हे वास्तव येथे प्रथमपुरुषी निवेदनातून प्रकटते. लक्ष्मीबाईंचा विनोद पतीच्या औदार्याची थट्टा करतो. त्याचे मोल कमी करीत नाही.

लक्ष्मीबाईंचे स्वतःचे दातृत्व निराळ्या वाटेने आले. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याच्या छायेत त्यांचे बालपण गेले. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या विभक्त राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी प्रथम आपले आचार सांभाळले. पुढे जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हाच काळ १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाचा होता. राहुरीस टिळकांच्या घरी अनाथ मुलांना आसरा मिळाला. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. दान उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही करता येते, त्यासाठी सोवळे सोडावे लागत नाही. अनाथाला आपल्या पंक्तीला बसवायचे तर ते सोडावेच लागते. सोवळे गळणे आणि दार उघडणे या लक्ष्मीबाईंच्या बाबतीत दोन निराळ्या घटना नाहीत.

याच कालखंडात पंडिता रमाबाईंनी केडगावच्या ‘मुक्ती’मध्ये दुष्काळग्रस्त स्त्रियांना व मुलींना आश्रय दिला. तेथे श्रद्धेला संस्थेचे रूप लाभले, तर टिळकांकडे तिला घराचे रूप लाभले. संस्थेचा खर्च हिशेबाच्या वहीत येतो. घराचा खर्च गृहिणीच्या श्रमात विरून जातो. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची सवेतन सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. त्या निर्णयाचे मोलही या दृष्टीने जोखावे लागेल.

समारोप :
ग्रंथाची एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. आश्रय मिळालेली मुले येथे आश्रयदात्रीच्या स्मृतीतूनच दिसतात. त्यांचा स्वतंत्र स्वर उमटत नाही. जिजाईला जे मिळाले नाही ते लक्ष्मीबाईंना मिळाले. त्यांच्या पंक्तीला बसलेल्यांना मात्र ते मिळायचे राहिले. तथापि औदार्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न श्रद्धेला बाध न आणता विचारणे, हे ‘स्मृतिचित्रे’चे मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील महत्त्वाचे योगदान होय.