हसण्याचे परीक्षक

२००५ साली ‘स्टार वन’वर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ सुरू झाले आणि आमच्या घरात दोन तट पडले. परीक्षक होते शेखर सुमन आणि नवज्योतसिंग सिद्धू. भांडण सिद्धूंच्या हसण्यावरून.

शेजारचे नाना म्हणाले, “विनोद त्यांचा, हसणारा त्यांचा. मग आपण कशाला बसायचं?”

आमच्या हिचे मत उलटे. “तो मोकळा हसतो तरी! तुम्ही ओठ मिटून माना हलवता, जशी काही गाण्याची बैठकच!”

आईला हिंदी कळत नसे. ती सिद्धूंकडे बघूनच हसे आणि वर विचारी, “काय म्हणाला रे?”

मी एक साधी कसोटी ठरवली. परीक्षकांकडे न बघता हसू येते का? बरेच जण त्यात नापास झाले. विनोद लंगडा असला की त्याला दुसऱ्याच्या हसण्याची काठी लागते, एवढे कळले.

मग राजू श्रीवास्तव आले, त्यांचा गजोधर बोलू लागला आणि नाना खुर्चीतून घसरले. अंतिम निकालात राजू तिसरे, आमच्याकडे पहिले. कारण त्या वेळी सिद्धू हसले की नाही, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येईना.