बहमनी राज्याची फूट आणि फेरिस्त्याची साक्ष

बहमनी राज्याच्या फुटीची हकीकत आमच्या इतिहासग्रंथांत बहुधा दोन वाक्यांत उरकली जाते: इ. स. १४९० मध्यें मलिक अहमद जुन्नरास स्वतंत्र झाला, विजापूर व वऱ्हाड यांनींहि तोच मार्ग धरिला, आणि पुढें शेजाऱ्याशेजाऱ्यांत लढाया माजल्या. या समजुतीचा मुख्य आधार फेरिस्ता होय. त्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

फेरिस्ता आधीं अहमदनगरच्या दरबारीं होता, इ. स. १५८९ मध्यें तो विजापुरास गेला व दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयानें त्यानें ग्रंथ लिहिला. म्हणजे फुटीनंतर शतक उलटल्यावर, आणि फुटलेल्या राज्यांपैकीं एकाच्या पदरीं राहून तो बोलत आहे. अहमदनगरकडील 'बुर्‍हान-इ-मआसिर'चा कर्ता सय्यद अली तबातबा हाहि आपल्या धन्याचाच इतिहासकार. यास्तव प्रत्येक गोष्टीस, ती सांगण्यांत कोणाचा लाभ होता, हें विचारिलेंच पाहिजे.

फेरिस्ता म्हणतो कीं, यूसुफ आदिलखानाच्या सल्ल्यावरून अहमदानें खुतब्यांतून बहमनी सुलतानाचें नांव काढून आपलें घातलें व डोक्यावर छत्र धरिलें. सरदारांनीं हरकत घेतांच त्यानें आपलें नांव मागें घेतलें. छत्र केवळ उन्हासाठीं आहे असें सांगून तें सर्वांस मोकळें केलें, व अखेर सरदारांच्याच विनंतीवरून पुनः राजचिन्हें धारण केलीं. येथें विजापूरच्या मूळपुरुषास सल्लागाराचें मानाचें स्थान मिळालें आहे. तेवढा भाग जपून घ्यावा. परंतु राज्य सोडून जाणारा पुरुष एका दिवसांत तुटला नाहीं, शेजाऱ्याचें व आपल्या लोकांचें मन पाहून पाऊल टाकीत गेला, हें कथेचें सार आम्हांस विश्वसनीय वाटतें.

याहून बोलकी गोष्ट शेवटच्या बहमनी सुलतानाची. कलीमुल्ला इ. स. १५२७ च्या सुमारास बेदर सोडून विजापुरास आला. तेथें पकडले जाण्याच्या भीतीनें अहमदनगरास गेला. तेथें बुर्‍हाण निजामशहा दरबारांत त्याच्यापुढें हात जोडून उभा राही. शाह ताहिरानें समजाविलें तेव्हां तें थांबलें. विजापूरच्या आश्रितानें विजापूरचा हा कमीपणा लिहावा, ही साक्ष स्वार्थाविरुद्ध आहे. म्हणून तिची किंमत अधिक. ज्या घराण्यानें राज्य मोडलें, त्याच्याच दारीं त्या राज्याचा शेवटचा धनी आसऱ्यास आला.

तथापि या शेजारधर्माची मर्यादाहि उघड आहे. पाथरी हें निजामशहाच्या पूर्वजांच्या कुळकर्णाचें गांव. त्याच्या बदल्यांत अधिक उत्पन्नाचा परगणा देऊं केला असतां इमादशहानें नाकारिलें, व इ. स. १५१८ मध्यें बुर्‍हाणानें तें बळानें घेतलें. तालिकोटच्या युद्धापूर्वी (१५६५) चांदबीबीचा विवाह अली आदिलशहाशीं लावून सोलापूर दिलें गेलें. १५७४ मध्यें अहमदनगरानें वऱ्हाड गिळिलें. १५९६ मध्यें तेंच वऱ्हाड मोगलांस देऊन चांदबीबीस वेढा उठवावा लागला. विजापूर व गोवळकोंडा यांची कुमक तेव्हां निघाली होती. पण शहर १६०० मध्यें पडलेंच. दरबारांचे करार गरजेपुरते टिकले.

मग टिकलें काय? याचें उत्तर फेरिस्त्यांत नाहीं. तें संग्राहकांच्या रुमालांत आहे. पारनेर, राळेगणसिद्धी हा मुलूख जुन्नर व अहमदनगर या निजामशाहीच्या दोन राजधान्यांच्या दरम्यानचा. या बाजूचा एखादा महजर आणि भीमेच्या दक्षिणेकडील आदिलशाही महजर शेजारीं ठेवून पाहावे. दोहोंत काल शुहूर सनाचा; मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें ६०० मिळवितांच इसवी सन निघतो. दोहोंत देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी तेच. खुतबे निरनिराळे झाले, परंतु वतन सिद्ध करण्याची रीत व काळ मोजण्याचें माप एक राहिलें. राज्य तुटल्यावर शेजाऱ्यांस व्यवहार करतां आला तो या समाईक मापामुळें, असें आमचें मत आहे.

अलीकडील उदाहरणहि याच मतास पोषक आहे. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन यूरोपीय संघांतून बाहेर पडलें. तरी उत्तर आयर्लंड व आयर्लंडचे सीमेवरील परगणे यांचीं समाईक कामें 'पीस प्लस' योजनेखालीं दोन्ही पक्षांच्या द्रव्यानें चालू ठेविलीं गेलीं. तेथेंहि आधीं जुळलेली व्यवस्था राखण्याचाच यत्न दिसतो.

यांत आमच्या संग्राहकांचाहि प्रश्न गुंतला आहे. निजामशाही, आदिलशाही असे कागद निरनिराळे बांधून ठेवण्याची चाल फेरिस्त्याच्या दरबारी नजरेचीच नक्कल होय. त्यांत आजच्या सीमांची भर: अहिल्यानगर महाराष्ट्रांत, बेदर व विजापूर कर्नाटकांत, गोवळकोंडा तेलंगणांत. एकाच घराण्याचीं वतनपत्रें दोन राज्यांच्या हद्दींत असलीं, तर अर्ध्या पुराव्यावर निवाडा होतो. निदान याद्या तरी एका धाटणीच्या कराव्या, शुहूर सन मुळांत असेल तसा उतरावा, व पलीकडील संग्राहकांस नकला द्याव्या. फेरिस्त्यास जें दिसलें नाहीं, तें या कागदांत आहे; तें एकत्र वाचलें जाईल तेव्हांच त्याच्या साक्षीची खरी उलटतपासणी होईल.