‘मोमेंट’, ‘इन्स्टंट’ आणि मराठी ‘क्षण’ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
‘मोमेंट’ आणि ‘इन्स्टंट’ या दोन्ही इंग्रजी शब्दांना मराठीत सामान्यतः ‘क्षण’ हा एकच प्रतिशब्द दिला जातो. त्यामुळे ते परस्परांच्या जागी वापरता येतात, असा समज विद्यार्थ्यांमध्ये रूढ होतो. हा समज कितपत टिकतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
‘मोमेंट’चे मूळ लॅटिन ‘मोमेंटम’मध्ये आहे. गती आणि तराजूचे पारडे झुकविणारे वजन असे त्याचे अर्थ होत. मध्ययुगीन युरोपात तासाच्या ४० व्या भागालाही हीच संज्ञा होती. ‘इन्स्टंट’चे मूळ ‘जवळ येऊन ठाकलेला’ या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे पहिल्या शब्दाला विस्तार व वजन आहे, तर दुसरा काळाचा केवळ बिंदू दर्शवितो. श्रद्धांजलीच्या प्रसंगी ‘मोमेंट ऑफ सायलेन्स’ पाळला जातो. तेथे ‘इन्स्टंट’ चालत नाही. वीज जाते ती मात्र ‘इन अॅन इन्स्टंट’. विशेषणांत हा भेद अधिक ठळक होतो. ‘मोमेंटस’ निर्णय महत्त्वाचा असतो, तर ‘इन्स्टंटेनियस’ निर्णय केवळ तत्काळ घेतलेला असतो. काही वाक्यांत दोन्ही शब्द चालतात हे खरे. परंतु तेथेही कालावधीपेक्षा दृष्टिकोनच भिन्न असतो.

व्हर्जिनिया वुल्फ यांच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मपर लेखनाच्या संग्रहाचे नाव ‘मोमेंट्स ऑफ बीइंग’ असे आहे. दैनंदिन जगण्याच्या धूसर पटातून अकस्मात उजळून निघणारे आणि आयुष्यभर पुरणारे अनुभव त्यात अभिप्रेत आहेत. येथे ‘इन्स्टंट’ योजल्यास आकस्मिकता उरेल, पण वजन हरवेल. मराठीत ‘अस्तित्वाचे क्षण’ असे भाषांतर केल्यास निराळीच अडचण उद्भवते. बौद्ध क्षणिकवादापासून ‘क्षणभंगुर’ या शब्दापर्यंत ‘क्षण’ या संज्ञेला नश्वरतेची छटा चिकटलेली आहे. वुल्फ यांना तर टिकून राहणारे तेच सांगावयाचे आहे.

तथापि, मराठीत हा भेद व्यक्त करण्याचे सामर्थ्य नाही, असे म्हणणे योग्य ठरणार नाही. मराठी तो नामाऐवजी शब्दरूपाने व्यक्त करते. ‘क्षणभर’ थांबण्यात विस्तार आहे, ‘क्षणार्धात’ नाहीसे होण्यात वेग आहे, तर ‘त्याच क्षणी’ या प्रयोगात बिंदू आहे. वजनासाठी ‘घटका’ उपलब्ध आहे. मोजमापात ती २४ मिनिटांची असली, तरी ‘निर्वाणीची घटका’ कोणी घड्याळाने मोजत नाही.

निष्कर्ष :
सारांश, अल्पकालवाचक शब्दांची निवड कालावधीच्या लांबीवरून करता येत नाही. घटना आतून अनुभवली जात आहे की बाहेरून टिपली जात आहे, हा निर्णायक प्रश्न होय. म्हणून अध्यापनात सुट्या प्रतिशब्दांच्या याद्यांपेक्षा शब्दप्रयोगांच्या जोड्या विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अधिक उपयुक्त ठरेल. एकाच ‘क्षणा’वर विसंबणारे भाषांतर शब्दशः अचूक असूनही मूळ कृतीचा आशय गमावू शकते.