अतींद्रिय तपासकथा
रहस्यकथा आणि गूढकथा यांच्या सीमेवरील एक कथाप्रकार. ज्या कथेत गुन्ह्याचा उलगडा कौल, शकुन, प्रश्नकुंडली, अंजन, प्लँचेट किंवा दिव्यदृष्टी यांसारख्या साधनांनी होतो, अथवा तसा तो होत असल्याचा आभास निर्माण केला जातो, तिला अतींद्रिय तपासकथा म्हणता येईल. गूढाची भीती आणि उलगड्याचे समाधान या दोन्ही गोष्टी देण्याचा तिचा प्रयत्न असतो. परंतु या दोहोंची प्रकृती परस्परविरोधी असल्यामुळे तिच्या रचनेत एक मूलभूत अडचण उद्भवते.

दैवी संकेताने अपराधी ओळखण्याची कल्पना कादंबरीहून पुष्कळ जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष व कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. मराठेशाहीच्या न्यायव्यवहारात रवादिव्य रूढ होते. त्यात उकळत्या तेलातुपात हात घालून धातूचा तुकडा बाहेर काढावा लागे. नंतर हात बांधून त्यावर मोहोर करीत आणि काही दिवसांनी तो उघडून भाजल्याच्या खुणांवरून निर्णय देत. तथापि लेख, भोग व साक्षी या मानुष प्रमाणांच्या अभावीच दिव्याचा अवलंब करावा, असे हीच स्मृती सांगते. संशयितांना मंत्रलेले तांदूळ चघळावयास देऊन चोर ओळखण्याची चालही आढळते. भीतीने तोंडास कोरड पडून अपराध्याचे तांदूळ कोरडे राहतात, असे तिचे स्पष्टीकरण देण्यात येते. परंतु आळ आलेला निरपराध मनुष्यही भितो. या परीक्षेतून भीती कळते, अपराध कळत नाही.

पाश्चात्त्य रहस्यकथेने ही अडचण लवकर ओळखली. रॉनल्ड नॉक्स याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतील एकाने अलौकिक शक्तींचा वापर वर्ज्य ठरविला. वाचकापुढे तपासनीसाइतकेच दुवे असावेत, हे त्यामागील तत्त्व होते. ॲल्जर्नन ब्लॅकवुडचा जॉन सायलेन्स (१९०८) व विल्यम होप हॉजसनचा कार्नाकी (ग्रंथरूपाने १९१३) यांनी मात्र अतींद्रिय घटनांचाच तपास केला. ॲगाथा ख्रिस्तीने तिसरा मार्ग चोखाळला. द सिटाफोर्ड मिस्टरी (१९३१) मध्ये प्रेतात्म्याला आवाहन करण्याच्या बैठकीत खुनाची वार्ता मिळते. द पेल हॉर्स (१९६१) मध्ये मृत्यू जारणमारणाने होत असल्याचे भासते, परंतु अखेर थॅलियमचा विषप्रयोग उघड होतो. सत्यजित राय यांच्या सोनार केल्ला या कादंबरीत बालकाच्या पूर्वजन्मस्मृतीने कथेला चालना मिळते, पण गुन्हेगार सापडतो तो फेलूदाच्या तर्काने. अशा कथांत अतींद्रिय अनुभव प्रश्न उपस्थित करतो. उत्तर देण्याचे काम पुरावाच करतो.

मराठीत या दोन परंपरा बव्हंशी स्वतंत्रपणे वाढल्या. बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) यांच्या एक हजाराहून अधिक रहस्यकथांत साहस, वेषांतर व पाठलाग यांवर भर आहे. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी बॅरिस्टर अमर विश्वास हा नायक निर्माण केला. वकील असल्यामुळे त्याला आपला निष्कर्ष न्यायालयात टिकेल असा मांडावा लागतो. नारायण धारप (१९२५–२००८) यांचा समर्थ आत्मिक सामर्थ्याने अमानवी शक्तींशी झुंजतो. तेथे प्रतिपक्षच अमानवी असल्याने त्याच्या ज्ञानाचे साधन कथाविश्वाशी सुसंगत ठरते. मानवी गुन्ह्यावर तेच साधन योजले, तर आरोपीला खंडन करता येईल असे काहीच उरत नाही व वाचकालाही पडताळा घेता येत नाही. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथा मानवी मनातील भीती व अपराधभाव यांचा वेध घेतात. त्यांत न्यायनिवाड्याचा दावा नसल्याने ही अडचण टळते.

कथेच्या स्थळाचाही येथे विचार करावा लागतो. जुना वाडा किंवा एकाकी गाव या कथाप्रकारास सोयीचे असते, कारण तेथे घडलेल्या घटनेची नोंद सहसा मागे राहत नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात हजेरीपट, फाटकावरील नोंदवही, वजनकाट्याची पावती व कॅमेऱ्याचे चित्रण यांतून माणसाच्या हालचालींचा माग पदोपदी राहतो. अशा ठिकाणी घडणाऱ्या कथेत दिव्यदृष्टीने गुन्हेगार सांगावयाचा, तर या लेखी प्रमाणांचे काय झाले, हे लेखकाला सांगावेच लागेल.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच्या तपासात पोलिसांनी प्लँचेटचा आधार घेतल्याचा आरोप २०१४ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकाने केला. संबंधित अधिकाऱ्याने तो फेटाळला. तपास त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला होता. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने साक्षीपुराव्यांच्या आधारे दोघांना जन्मठेप दिली व तिघांना निर्दोष मुक्त केले. एखादी व्यक्ती करणी करते, असे जाहीर करून तिचे जगणे मुश्किल करणे हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने गुन्हा ठरविले आहे. देवऋषीने घेतलेल्या नावाचे परिणाम ज्या समाजात प्रत्यक्ष माणसांना भोगावे लागतात, तेथे या कथाप्रकाराचे मूल्यमापन केवळ थरारावरून करणे अपुरे ठरते. अतींद्रिय संकेताने ज्याच्याकडे बोट दाखविले, त्याला आपले निरपराधित्व सिद्ध करण्यास कथेने किती वाव ठेवला, ही तिच्या परीक्षणाची महत्त्वाची कसोटी होय.