अनंत रचना आणि अर्थाची कसोटी

तर्काधिष्ठित आज्ञावलीचा अर्थ कोणता, या प्रश्नाला व्हान एम्डेन व कोवाल्स्की यांनी १९७६ मध्ये दिलेले उत्तर आजही आधारभूत आहे. तथ्ये व नियम यांपासून सांत पायऱ्यांनी जे सिद्ध होते तेवढेच सत्य. हाच त्या आज्ञावलीचा लघुतम स्थिरबिंदू होय. सांत वस्तूंपुरती ही व्याख्या निर्दोष आहे. परंतु न संपणारी मालिका सांत पायऱ्यांनी पुरी होत नाही, म्हणून तिला येथे स्थान उरत नाही. कोल्मरोए यांच्या ‘प्रोलॉग २’ने १९८२ मध्ये अनंत वृक्षांना भाषेत प्रवेश दिल्यावर ही उणीव उघड झाली.

सायमन, गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये मांडलेला सहविगमनाचा मार्ग ही उणीव भरून काढू पाहतो. येथे अर्थ म्हणजे महत्तम स्थिरबिंदू: नियमांनी जे खोडले जात नाही, ते सत्य. सिद्ध करावयाचे विधान वाटेत पुन्हा भेटले, की ते सिद्ध मानावयाचे. केवळ ‘एक’ या अंकाची अखंड मालिका अशा रीतीने तत्काळ मान्य होते. ही सिद्धी लहान नव्हे.

तथापि दोन उदाहरणे ताडून पाहिली असता या मताची मर्यादा ध्यानात येते. ‘क्ष पासूनच्या मालिकेचे पहिले पद क्ष, व शेष मालिका क्ष अधिक १ पासूनची’ हा नियम शून्यापासून लावला, तर सर्व नैसर्गिक संख्या क्रमाने मिळतात. हे विधान महत्तम स्थिरबिंदूत सत्य आहे. पण कोणतीही पायरी पुन्हा येत नसल्याने ही पद्धती तेथे कधीच थांबत नाही. उलट ‘प असेल तर प’ हा नियम काहीही निर्माण करीत नाही, तरी त्यावरून प क्षणार्धात सिद्ध ठरते. फलद्रूप विधान हाती लागत नाही आणि पोकळ विधान मात्र स्वीकारले जाते.

लॉईड यांच्या ग्रंथाच्या १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीतील ‘अनंतापाशी गणनीय’ ही संकल्पना येथे अधिक विवेकी वाटते. गणना जसजशी पुढे जाईल तसतसा रचनेचा अधिकाधिक भाग निश्चित झाला पाहिजे, ही तिची अट आहे. संख्यांची मालिका या अटीस उतरते. पोकळ नियम उतरत नाही. कोमेंदान्तस्काया व ली यांनी २०१७ मध्ये उत्पादकतेवर दिलेला भरही याच दिशेचा होय.

खोडले न जाणे आणि दाखविता येणे या भिन्न गोष्टी आहेत. अनंताच्या अर्थविचारात हा भेद पुसून चालणार नाही.