चव्हाट्यावरील कला

'चव्हाटा' ह्या शब्दास आपल्या भाषेत थोडा हीन अर्थ चिकटला आहे. घरातील गोष्ट चव्हाट्यावर आली म्हणजे अब्रू गेली, असे आपण समजतो. पण दक्षिण कोकणात चव्हाटा ही गावाची मानाची जागा आहे. तेथे देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते. चार वाटा आणि चार माणसे जेथे मिळतात तेथे कलेने काय करावे, हा प्रश्न मी आज काढीत आहे, आणि त्यास निमित्त मालवणच्या राजकोटाचे आहे.

४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते तेथे शिवछत्रपतींचा सुमारे ३५ फुटी पुतळा अनावृत झाला. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. ११ मे २०२५ रोजी त्याच जागी राम सुतार यांच्या शिल्पशाळेत घडलेल्या, पहिल्याहून पुष्कळ उंच अशा ब्राँझच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मधल्या काळात जे बोलले गेले ते बहुतांशी गंजाविषयी, वाऱ्याच्या वेगाविषयी आणि दोष कोणाचा ह्याविषयी. हे प्रश्न क्षुल्लक होते असे कोण म्हणेल? परंतु टीकाकाराने जो प्रश्न विचारावयाचा तो मागेच राहिला: ह्या मूर्तीने त्या जागेच्या जीवनात काय भर घातली?

तुलनेसाठी लांब जावयास नको. राजकोटावरून समोरच पाण्यात सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ मध्ये त्या किल्ल्याचे काम सुरू झाले. पुढे १६९५ मध्ये राजाराम महाराजांनी आत शिवराजेश्वराचे मंदिर बांधविले. त्यातील महाराजांची मूर्ती वीरासनात बसलेली, बिनदाढीची आणि नावाड्यासारखी टोपी घातलेली आहे. चित्रांतून व नाटकांतून ओळखीचे झालेले महाराजांचे रूप मनात घेऊन येणारा पाहुणा तिच्यापुढे क्षणभर गोंधळतो. कारागिरी म्हणून पाहिली तर ती साधी आहे. वेरूळच्या पंक्तीस मी तिला बसविणार नाही. तरी ज्या किनाऱ्याच्या खलाशांनी महाराजांचे आरमार चालविले, त्या किनाऱ्याने राजाला आपला पोशाख चढविला, ही कल्पना मला कोणत्याही उंचीपेक्षा मोठी वाटते. शिवाय ती मूर्ती एकटी पडलेली नाही. तिला पूजा आहे, चांदीचा मुखवटा आहे, किल्ल्यात राहणारी माणसे आहेत. नारळी पौर्णिमेस मालवणात सागराला सोन्याचा नारळ वाहण्याची चाल आहे. त्या दिवशी किल्ला, मूर्ती, बंदर आणि बाजार एकाच उत्सवाचे भाग होतात.

तिच्याहूनही लहान शिल्प किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यावर आहे. किल्ल्याचे भूमिपूजन जेथे झाले असे सांगतात तो हा खडक. त्यावर गणपती व चंद्रसूर्य कोरलेले आहेत. त्याला चौथरा नाही, फलक नसता तरी चालले असते. खारा वारा व भरती ह्यांच्याशी त्याचा संसार साडेतीनशे वर्षांचा आहे.

राजकोटाच्या पुतळ्यावर मी अन्याय करू इच्छीत नाही. सुतारांच्या हातची मूर्ती दुरून भारदस्त दिसते, आणि पूर्वी ज्या कोपऱ्याकडे कोणी फारसे फिरकत नसे तेथे आता माणसांची रीघ असते. हा लाभ खराच आहे. माझी तक्रार निराळी आहे. तेथे आलेल्या माणसाने मान वर करून पाहावे, छायाचित्र काढावे आणि परत जावे, एवढेच काम त्याच्यासाठी ठेवलेले आहे. रस्किन शिकविताना मी विद्यार्थ्यांस नेहमी सांगत आलो आहे की, १८४९ च्या त्याच्या 'सेव्हन लॅम्प्स'मध्ये वास्तूंच्या निगराणीवर भर दिला आहे. समुद्रकाठच्या धातूला तर ती अन्नासारखी लागते. आणि ज्या वस्तूशी गावाचा रोजचा संबंध नाही तिच्यावरचा गंज गावाच्या डोळ्यांस वेळेवर दिसत नाही.

चित्रांची स्थितीही पाहण्यासारखी आहे. मालवणहून कुडाळ ओलांडून पुढे गेले की पिंगुळी लागते. तेथील ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांच्या चित्रपोथ्या घेऊन देवळांत जात, एकेक चित्र लोकांपुढे धरीत आणि वीणा, टाळ व हुडूक ह्यांच्या साथीने कथा गात. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांस आश्रय होता. त्या चित्रांना भिंत नव्हती. जेथे श्रोते जमत तेथेच त्यांचे दालन उघडे. परशुराम गंगावणे ह्यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय थाटून हा ठेवा राखला, आणि २०२१ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांचे ऋण मानूनही एक गोष्ट बोचतेच: जी चित्रे लोकांकडे चालत जात, ती आता लोकांची वाट पाहत बसतात.

दशावताराचे मात्र तसे झालेले नाही. जत्रेच्या रात्री देवळापुढे एक बाकडे मांडले की तेच इंद्राचे सिंहासन होते, आणि पहाटेपर्यंत सारे अंगण जागते. सावंतवाडीच्या चितार आळीतही लाकडी फळे व खेळणी दुकानांच्या दारांत मांडलेली असतात. बाजारास निघालेली बाई वाटेत दोन घटका थांबते, भाव करते, मुलाच्या हातात भोवरा देते. त्या रस्त्याचे नावच चिताऱ्यांवरून पडले आहे. रस्ता सजविण्यासाठी कोणी निराळी योजना आखली नव्हती.

नव्या पुतळ्याच्या पायथ्याशी ह्यातले काही आणता येणार नाही काय? तटाच्या आत एक मांडव घालावा; पावसाळा सरला की पिंगुळीच्या चित्रकथ्यांस व दशावतारी मंडळ्यांस तेथे मानधन देऊन बोलवावे. आणि दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी, मिरवणूक बंदरावर येण्यापूर्वी, जाणत्या कारागिरांनी गावकऱ्यांच्या देखत पुतळ्याचा जोड न् जोड तपासावा. खर्च फार नाही. पुतळ्याच्या खर्चापुढे तर तो डोळ्यांतही भरणार नाही.